पॅरिसचा जिनगर आणि म्हापशाचा जिनगर

आरी-दोरा, म्हापसा

गेल्या शुक्रवारी ऐन बाजाराच्या गर्दीत एक बाई दुकानात आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कापडी पिशवी काढली, कापडी पिशवीतून कातड्याची पिशवी काढली आणि पाळण्यातलं मूल ठेवावं तशी ती काउंटरवर ठेवली. घरच्या कुत्र्याने मूठ चावली होती. मूठ जिथे अंगाला शिवलेली असते तिथे चार टाके तुटलेले, कातड्यावर दातांच्या खुणा. आत नाव एर्मेसचं, पॅरिसच्या महागड्या पिशव्यांच्या घराण्याचं. (सुरुवातीचा ह गिळायचा. हे मला बाईंनीच शिकवलं, मी आपला हर्मिस म्हणत होतो.)

चार टाके तुटले होते, पण पाचवा जागचा हलला नव्हता. मी भिंग लावून बघत बसलो. मशीनच्या शिलाईत दोन दोरे असतात, वरचा आणि खालचा, मध्ये एकमेकांत अडकलेले. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही राहत नाही, ओढाल तेवढं उसवत जातं. हाताच्या जिनटाक्याचं तसं नसतं. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया. आरीने भोक पाडायचं, एक सुई डावीकडून, दुसरी त्याच भोकातून उजवीकडून, मग दोन्ही हात पसरून आवळायचं. प्रत्येक टाका आपल्यापुरता बांधलेला. शेजारचा मेला तरी हा जिवंत.

हा टाका मी ओळखतो, कारण तो आमच्या आजोबांचा. आम्ही जिनगर. पणजोबा बेळगावहून इकडे उतरले ते घोडागाड्यांचे पट्टे, लगाम, खोगिरं शिवायला. आजोबा गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून बसायचे, दोऱ्याला मेण चोळायचे, आणि मी सुया ओवून द्यायचो. पुढे घोडे गेले. वडिलांनी पिवळ्या मडगार्डच्या पायलटांच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या, सीटा शिवल्या. मी स्कूटरच्या सीटा शिवतो आणि बॅगांच्या चेनी बदलतो.

रात्री मोबाइलवर या घराण्याचा इतिहास वाचला. बघा तर, तेही जिनगरच! तिएरी एर्मेस, जन्म 1801, क्रेफेल्ड नावाच्या गावी. 1837 साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज शिवायचा कारखाना काढला. मुलाने 1880 मध्ये तो फोबुर्ग सेंट-ऑनोरे रस्त्यावर 24 नंबरात नेला, दुकान अजून तिथेच आहे. खोगीर शिवायला लागले ते तिथे. 1900 च्या आसपास खोगीर आणि बूट भरून न्यायला उंच पिशवी केली. म्हणजे पिशवी आली ती घोड्यामागून. पुढे नातू एमिल-मोरिस पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेकडे गेला, तिथे मोटारीच्या टपाला लावलेली चेन बघितली आणि फ्रान्सपुरते तिचे हक्क घेऊन परतला. ज्या चेनीवर आज माझं पोट आहे, ती त्याने शंभर वर्षांपूर्वी कातड्याला लावली!

तर माझं म्हणणं एवढंच. नट्या, राजकन्या, जाहिराती सगळं मागाहून आलं. सहा पिढ्या या घराण्याची ओढ टिकली ती त्यांनी टाका सोडला नाही म्हणून. लोक नावाला पैसे मोजतात असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. नाव टाक्यावर उभं आहे.

हिशेबनीस, फोंडा

भाऊ, लिहिलंत छान, पण तुमच्या मुद्द्याला तुमचीच गोष्ट आडवी जाते. टाका तुमच्या आजोबांनीही सोडला नव्हता. मग तुम्ही सीटा का शिवताय?

ओढ टाक्याची नाही, न मिळण्याची आहे. बर्किन नावाची त्यांची पिशवी दहा लाखांच्या वर जाते, आणि दहा लाख खिशात घेऊन गेलात तरी मिळेलच असं नाही. आधी ओळख वाढवा, रुमाल घ्या, चपला घ्या, ताटल्या घ्या, मग कधीतरी आतल्या खोलीत बोलावणं येतं. याच कारणावरून 2024 मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी खटला भरला होता, की पिशवीसाठी बाकीचा माल गळ्यात बांधतात म्हणून. ग्राहक कोर्टात जातो, पण दुकान सोडत नाही! ही ताकद टाक्याची? मला तर ही म्हापशाच्या बाजारातल्या त्या मासळीवाल्या बाईची युक्ती वाटते, जी टोपलीतला मोठा विस्वण (सुरमई) झाकून ठेवते आणि विचारलं की म्हणते, तो सांगितलेला आहे.

आकडा पण घ्या. 2024 ची त्यांची विक्री 15.2 अब्ज युरो. एप्रिल 2025 मध्ये बाजारमूल्यात त्यांनी लुई व्हिटॉनवाल्या एलव्हीएमएचला मागे टाकलं, आणि त्या कंपनीकडे पंचाहत्तरच्या आसपास ब्रँड आहेत. कमी विकायचं कसं, हे ज्याला कळलं तो जिंकला.

आरी-दोरा, म्हापसा

हिशेबनीसबाब, कमी विकतात कारण कमी होतात! एक कारागीर एक पिशवी सुरुवातीपासून शेवटापर्यंत करतो. पंधरा-वीस तास धरा. मी स्वतः एवढंसं पाकीट जिनटाक्याने शिवतो तेव्हा अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळी करंगळीला दोऱ्याने चीर पडलेली असते. हात वाढवायचे म्हणजे माणसं घडवायला हवीत, आणि त्याला वर्षं लागतात. मासळीवालीने झाकलेला विस्वण टोपलीत असतो तरी. इथे तो समुद्रातच आहे.

पेडणेकर 62

दहा लाखांची पिशवी आणि ती कुत्र्याने चावली. कुत्र्याला किंमत कळली नाही, तोच शहाणा.

माझ्या आईने आयुष्यभर एक खण-पिशवी वापरली. त्यात पानाचा डबा, चाव्या आणि देवळाचा प्रसाद. यापेक्षा बाईमाणसाला पिशवीत काय न्यायचं असतं ते मला कोणी सांगा.

आणि ज्या नटीच्या, जेन बर्किनच्या, नावाने ती पिशवी आहे, तिनेच 2015 मध्ये सांगितलं होतं की मगरीच्या कातड्याच्या पिशवीवरून माझं नाव काढा. कारण मगरी मारायची पद्धत क्रूर होती असं तिला समजलं. नंतर कंपनीने चौकशी केली, समजूत घातली, नाव राहिलं. टाक्याचं कौतुक करताना टाका कशात घातला तेही बघा.

दोडामार्गची सून

मी दुबईत नऊ वर्षं महागड्या पिशव्यांच्या दुकानात काउंटरला होते. (कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.) दोघांचंही अर्धं अर्धं चुकतंय असं वाटतं.

आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊजणींना टाका दिसायचा नाही. त्या आधी डबा बघायच्या. एर्मेसचा नारिंगी डबा सगळ्यांना माहीत असतो. तो रंग मुळात कोणी हौसेने निवडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात नेहमीचा पुठ्ठा मिळेना, पुरवठादाराकडे नारिंगी तेवढा उरला होता, तो घेतला. आज त्याचे रिकामे डबेसुद्धा ऑनलाइन विकले जातात. रिकामे! आत हवा.

पण दहावी एक असायची. बहुतेक वयस्कर. ती पिशवी उलटी करायची, तळ बघायची, मुठीच्या बुडाशी अंगठा फिरवायची. किंमत शेवटी विचारायची. तिच्यामुळे बाकीच्या नऊजणी येतात असं माझं मत. सोनार खरा आहे हे गावात एकाच म्हातारीला कळत असतं, बाकीच्या तिच्यामागून जातात.

आता आरी-दोराभाऊ, तुम्हाला एक विचारते, रागावू नका. ती पिशवी खरीच होती कशावरून? हल्ली नकली माल हाताने शिवलेला येतो. तेच कातडं, तोच मेणाचा दोरा, तोच तिरका टाका. आमच्या दुकानातली जुनी माणसंसुद्धा फसायची. तुमचं म्हणणं खरं धरलं, की नाव टाक्यावर उभं आहे, तर तितक्याच चांगल्या हाताने शिवलेल्या नकली पिशवीला तेवढीच किंमत द्यायला हवी. द्याल?

हिशेबनीस, फोंडा

वहिनींनी खिळा बरोबर ठोकला. याचं उत्तर आल्याशिवाय मी जेवायला उठत नाही.

आरी-दोरा, म्हापसा

जेवून घ्या. मला विचार करू द्या.

उषाताई, डिचोली

सगळं वाचलं. टाका, टंचाई, डबा. पण इथे जे बोलायला हवं ते कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

दोघेही जिनगर, असं भाऊ लिहितात. पॅरिसच्या जिनगराने घराण्याचं आडनाव दारावर लावलं, आणि राजेलोक त्या दारातून आत आले. आपल्याकडे कातड्याला हात लावणाऱ्याला दाराबाहेर उभं केलं. चपला, खोगिरं, पखवाजाचं पान, सगळं त्याच्याकडून घेतलं, आणि पैसे वरून टाकले, हाताला हात लागू नये म्हणून. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कातडीकाम करणाऱ्यांची मुलं वडिलांचा धंदा विचारला की "दुकान आहे" म्हणायची. कसलं, ते सांगत नव्हती. ज्या हाताची पोरांना लाज वाटावी अशी व्यवस्था आपण केली, त्या हाताचं घराणं कसं होणार? सहावी पिढी कुठून येणार?

घोडे गेले तेव्हा पॅरिसवाल्यांकडे अमेरिकेला जाऊन मोटार बघून यायला पैसा होता, आणि परत आल्यावर बँकेने खुर्ची दिली. इथे जिनगराला जामीन कोण राहिला असता?

जून 2025 मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल आली तेव्हा आपण सगळे खवळलो. 2019 चं जीआय मानांकन (माल कुठल्या भागाचा याची सरकारी नोंद) काढून दाखवलं. रास्तच होतं ते, त्यांनाही कोल्हापूरचं नाव घ्यावं लागलं. पण तोपर्यंत ती चप्पल करणाऱ्याच्या घरी आपल्यापैकी किती जण चहा प्यायले होते?

पेडणेकर 62

उषाताई, सगळीकडे जात आणायलाच हवी का? पिशवीची चर्चा चालली होती.

उषाताई, डिचोली

पिशवी कातड्याची आहे, दादा. मी आणली नाही, ती त्यातच होती.

कोलवाळकर

थोडं आपल्या अंगणातलं लिहितो. फॅशनचं घराणं म्हटलं की आमच्या गावाला एकच नाव आठवणार, वेंडेल रॉड्रिक्स. 1989 मध्ये लेबल काढलं, 2014 मध्ये पद्मश्री, फेब्रुवारी 2020 मध्ये गेले. कोलवाळच्या जुन्या घराचं त्यांनी गोव्याच्या पोशाखांचं संग्रहालय करायला घेतलं होतं. हयात असतानाच लेबल आपल्या शिष्येच्या हाती दिलं, हे फार मोठं. नाहीतर आपल्याकडे दुकान आणि माणूस एकाच दिवशी बंद होतात.

त्यांनी कुणबी साडी परत आणली ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लहानपणी शेतात लावणीला वाकलेल्या बायकांच्या अंगावर ती दिसायची. लाल चौकड्यांची, आखूड, गुडघ्याच्या थोडी खाली, खांद्यावर गाठ मारलेली, म्हणजे चिखलात पदर लोळायला नको. माग बंद पडले, बायका मिलच्या साड्यांवर आल्या. रॉड्रिक्सनी ती शोधून, विणून घेऊन रॅम्पवर नेली.

इथे माझं मन दोन बाजूंना ओढलं जातं. साडी वाचली, हे खरं. पण आता ती दिसते कुठे? प्रदर्शनात, पणजीच्या समारंभात, कॉटनची आवड असलेल्या बायकांच्या अंगावर. लावणीला वाकलेल्या बाईच्या अंगावर मॅक्सी आणि वर नवऱ्याचा शर्ट असतो. एर्मेसचंही तेच झालं ना? खोगिराचा टाका वाचला, घोडा गेला. ज्याच्यासाठी वस्तू जन्मली तो बाजूला झाला की उरते ती चैन. मग हे टिकणं म्हणायचं की पेंढा भरून ठेवणं?

दोडामार्गची सून

पेंढा नाही हो. खोगिरं अजून करतात ते. 24 नंबरच्या त्याच घरात वर कारखाना आहे खोगिरांचा. थोडी होतात, पण होतात. आणि रेशमी रुमाल बघा, 1937 पासूनचा, नव्वद सेंटिमीटरचा चौकोन. एकेका रंगाला वेगळी चौकट, एकेका रुमालात वीस-तीस रंग सहज, आणि कडा अजून हाताने वळून शिवतात. बोटांवर थोडं थोडं गुंडाळत जायचं, आत टाका लपवायचा. माझ्या सासूबाई लुगड्याला तशीच कड घालायच्या. तिला कोणी बघत नव्हतं एवढंच.

हिशेबनीस, फोंडा

जेवून आलो. एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. टाका नाही, टंचाईसुद्धा नाही. कुलूप.

2010 मध्ये एलव्हीएमएचने जाहीर केलं की आमच्याकडे एर्मेसचे सतरा टक्के शेअर आहेत. घरच्यांना पत्ता नव्हता. जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसलाय हे त्यांना अचानक कळलं. तेव्हा त्या एकत्र कुटुंबातल्या पन्नासच्या वर भावंडांनी काय केलं? निम्म्याहून जास्त शेअर एका कंपनीत टाकले आणि वीस वर्षं विकायचे नाहीत असं ठरवलं. 2014 मध्ये पलीकडच्यांनी हात मागे घेतला. आज गादीवर सहावी पिढी आहे.

आता आपल्याकडे या. माझ्याकडे वाटणीची कागदपत्रं येतात. तीन भाऊ असले तर आंब्याच्या झाडाचीसुद्धा तीन वर्षांची पाळी लावून घेतात. चौथ्या वर्षी झाड बिल्डरचं. टाक्याला कोण विचारतो?

कोलवाळकर

हिशेबनीसबाब, आमच्या झाडाचं तुम्हाला कोणी सांगितलं?

आरी-दोरा, म्हापसा

उशीर झाला, दुकानात गडबड होती. एकेकाचं घेतो.

उषाताई, तुमचं वाचून आधी राग आला. मग आठवलं की शाळेच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय मी "व्यापार" लिहायचो. आजोबांना ते माहीत होतं. ते काही बोलले नव्हते. याहून जास्त आज लिहवत नाही.

सूनबाई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. खोटं कशाला बोलू, माझ्यापुरतं उत्तर हो असं आहे. तितक्याच चांगल्या हाताने शिवलेली नकली पिशवी माझ्यासमोर आली तर मी त्या हाताला तेवढेच पैसे देईन. दहा लाख नाही. पंधरा-वीस तासांच्या चोख कामाचे, कातड्याचे, दोऱ्याचे. आणि खऱ्या पिशवीलाही तेवढेच देईन. वरचे जे काही लाख उरतात ते टाक्याचे नाहीत, हे मला कबूल करावं लागतंय. फक्त एक फरक. नकली शिवणाऱ्याला आपलं काम आपलं म्हणता येत नाही. पॅरिसमध्ये कारागीर पिशवीच्या आत खूण ठोकतो, दुरुस्तीला परत आली की कोणी केली ते कळतं. हे वाचल्यापासून मी सीटांच्या आतल्या बाजूला आरीने लहानसा "जि" काढायला लागलोय. पायलटला कशाला दिसतोय!

आता त्या पिशवीचं. तागाचा दोरा म्हापशात मिळाला नाही, बेळगावहून मागवला. मेण घरचंच, आजोबांच्या डब्यातलं, इतकं जुनं की दगड झालं होतं, उन्हात ठेवून मऊ केलं. पावसात ऊन मिळायला दोन दिवस गेले. जुन्याच भोकांतून चार टाके घातले, दोन्हीकडे दोन-दोन जुन्या टाक्यांवरून दुहेरी नेले. दातांच्या खुणा जात नाहीत. ओल्या फडक्याने आणि हाडाच्या पट्टीने घासून त्यातल्या त्यात बसवल्या.

बाई सोमवारी आल्या. मी विचारलं, ही तिकडूनच घेतलेली ना? म्हणाल्या, "ह्यांनी आणली होती. मी बिल मागितलं नाही, आणि आता ते सांगायला नाहीत." मी पुढे काही विचारलं नाही.

किती झाले म्हणाल्या. मी म्हटलं, साडेतीनशे.

त्यांचा चेहरा पडला. पिशवी परत उघडली, उजेडाकडे नेली, मूठ ओढून बघितली. "नीट केलंय ना? फक्त साडेतीनशे?" मी तीनदा सांगितलं की हाताचं काम आहे, दोरा तागाचा आहे. पाचशेची नोट ठेवून गेल्या, सुटे घेतले नाहीत. पण जाताना तोंडावर शंका होतीच.

हिशेबनीस, फोंडा

अहो, हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय! चार हजार सांगितले असते तर तुमच्या पाया पडल्या असत्या.

दोडामार्गची सून

चार हजार, आणि वर म्हणायचं, तीन आठवडे थांबावं लागेल, नंबर आहे. शिवाय परत देताना कापडी पिशवीत घालून द्या. शक्यतो नारिंगी.

आरी-दोरा, म्हापसा

तीन आठवडे नंबर खराच आहे हो. नऊ सीटा पडल्यात आणि सगळ्या पायलटांना चवथीच्या आधी हव्यात. त्यातला एक आत्ता समोर उभा आहे. म्हणतो दोनशे जास्त होतात, दीडशे कर.